गणपतीला ठेवलेला डबा

“आठवड्याची गोळी घेत होता ना, आजी?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“घेतली तर!” काकी म्हणाली. डोळे मिटलेले, ओठ सुकून भेगाळलेले, पण बोलणं ठाम. “एक पन सोडली नाय. ह्या बायलाच इचारा.”

ही बाय म्हणजे मी. तालुक्याच्या रुग्णालयात, खाटेच्या पायथ्याशी, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या सलवारीत उभी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकीच्या सुनेकडे पाहिलं आणि सून जमिनीकडे बघत राहिली.

“रिकामी पाकिटं आमच्याकडे जमा आहेत,” मी म्हणाले. तेवढंच मला माहीत होतं, तेवढंच सांगितलं.

“मग लेप्टो नसावा. प्लेटलेट उतरल्यात, अंग ठणकतंय, डेंग्यू वाटतोय. सलाईन चालू ठेवू. रक्त पुढे पाठवलंय, रिपोर्ट आला की उद्या बघू.”

उद्या! काकीच्या खाटेला लावलेली लघवीची पिशवी सकाळपासून जवळजवळ कोरडी होती, आणि हा पोरगेला डॉक्टर उद्याचं बोलत होता. त्याचाही दोष नव्हता म्हणा. वॉर्डात दोन खाटांच्या मधे गाद्या टाकून माणसं झोपवली होती आणि तो एकटा सगळ्यांत फिरत होता. पण मला राग येतो तेव्हा तो दोष बघून येत नाही. घरी मला सगळे फोडणी म्हणतात, तडतडायला वेळ लागत नाही म्हणून.

मी काय काम करते ते आधी सांगते. राहते रत्नागिरीत, आणि एका संस्थेच्या पाहणीसाठी आतल्या गावांत फिरते. गाव तेच, पाऊस तोच, तरी एका वाडीत माणसं तापाने पडतात आणि पलीकडच्या वाडीत पडत नाहीत, असं का होतं ते शोधायचं. पाणी कुठलं, गुरं कुठे बांधतात, शेतात कोण उतरतं, कोणाच्या पायात बूट आणि कोण अनवाणी, ताप आला की कोणाला लगेच दवाखान्यात नेतात आणि कोणाला काढा देऊन निजवतात. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की माणसाच्या घरात, चुलीत, अंथरुणात नाक खुपसावं लागतं, आणि लोक तरीही चहा देतात.

लेप्टो आमच्याकडचा जुना पाहुणा. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून अंगात शिरतो. वेळेवर कळला तर साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं बंद पाडतो, आणि मग देवाचं नाव. म्हणून लावणीपासून बेणणी, म्हणजे तण काढणं, संपेपर्यंत, चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याची गोळी. गोळ्या वाटायला गावातली आशा कार्यकर्ती, तिला सगळे आशाताई म्हणतात. आणि खरंच घेतल्या का ते बघायला आमच्या साहेबांनी, म्हणजे पाहणीच्या प्रमुखांनी, एक युक्ती काढली होती. तोंडी विचारायचं नाही, लोक भिडेपोटी हो म्हणतात. रिकामं पाकीट परत मागायचं. पाकीट खोटं बोलत नाही, असं साहेब म्हणायचे. आमची ही वाडी त्यात सगळ्यांच्या पुढे होती. सगळी पाकिटं रिकामी, वेळच्या वेळी, वर रबर लावून. साहेबांनी बैठकीत वाडीचं कौतुक केलं तेव्हा मी मान ताठ करून बसले होते.

काकी त्या वाडीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला कामाला, घरात ही आणि सून. दोघी मिळून सगळी खाचरं लावायच्या. पहिल्या भेटीत मी ‘तुम्ही, तुम्ही’ करायला लागले तर म्हणाली, “तुमी म्हनायला मी काय तलाठीन लागून गेले? तू म्हन गो.” तेव्हापासून तूच. तिच्या ओटीवर बसल्याशिवाय माझी वाडीतली फेरी पुरी व्हायची नाही. तिचं तोंड फाटकं, पण मला चिखलातून येताना बघितलं की पहिल्यांदा पाय धुवायला गरम पाणी.

तर त्या दिवशी डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तशी मी चादर बाजूला करून काकीची पोटरी हलकेच दाबली. नुसती दाबली हो! ती असली किंचाळली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मी तिची पापणी खाली ओढली. डोळा लालभडक, आणि पांढऱ्यात पिवळटपणा.

“डॉक्टर, पोटऱ्या बघा. डोळे बघा.”

“डेंग्यूतही दुखतं, मॅडम. आणि ह्या गोळी नेमाने घेत होत्या. गोळी चुकली असती तर मी आत्ताच इंजेक्शन चालू करून रत्नागिरीला पाठवलं असतं. तिथे डायलिसिसच्या मशीनवर घ्यायची वेळ आली तर सोय आहे. पण तिथेही खाटा भरल्यात, नुसत्या शंकेवर पाठवू कसं?”

“काकी,” मी तिच्या कानाशी वाकले, “खरं सांग. चुकली का एखादी?”

“नाय म्हटलं ना!” ती खेकसली. “किती येळा इचारशील?”

पाकिटं म्हणत होती घेतल्या, बाई म्हणत होती घेतल्या, आणि पोटरी म्हणत होती नाही घेतल्या.

सुनेने माझा हात धरून मला बाहेर नेलं. ही पोरगी मुळात बोलायची कमी. फुलाफुलांच्या गाऊनवर टॉवेल पांघरून रात्रभर बाकावर बसलेली, चेहरा ओढलेला. म्हणाली, “ताई, रत्नागिरीला नेलं तर रेशनकार्ड लागंल म्हनतात. पेटीत हाय. चावी आशाताईकडं. मी गेले तर आईंजवळ कोन?”

“मी जाते,” मी म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, जसं काही तिला मी जायला नको होतं. मग मान हलवली आणि परत आत गेली. बाकाला धरून धरून गेली. रात्रभर जागली आहे, दमली असेल, असं मला वाटलं.

पाऊस धरूनच होता. माझी स्कूटर म्हणजे आधीच नाटकी, त्यात रस्ता सगळा लाल गाळाचा. वाडीच्या अलीकडे पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आडवा येतो, त्याच्या मोरीवरून पाणी चाललेलं. एरवी मी थांबले असते. त्या दिवशी गाडी अलीकडे आंब्याखाली लावली, चपला हातात घेतल्या आणि कठड्याला धरून पाण्यातून गेले. पाय घसरला तेव्हा मी कोणाकोणाला शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही. आकाशातला देवही त्यात होता. डोक्यात एकच चाललेलं, काकीची ती पिशवी आता तरी भरायला लागली असेल का.

आशाताई दारातच उभी होती, चावी घेऊन. काकीच्या शेजारचंच घर तिचं. “कशी हाय?” तिने विचारलं. मी म्हटलं, बरी नाही. आम्ही कुलूप काढून आत गेलो. माजघरात भिंतीशी लाकडी पेटी. आशाताईने झाकण उचललं. वर काकीची ठेवणीतली लुगडी, त्याखाली पत्र्याचा मोठा डबा, बिस्किटांचा असतो तसा.

“कार्ड डब्याखाली ठेवते ती,” आशाताई म्हणाली. “डबा गनपतीचा हाय. चाकरमानी येतील तेवा उघडनार.”

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे घराघरात असा एक डबा असतो. मे महिन्यात घातलेली फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, सुनेच्या माहेरून हर्णेहून आलेले सुक्या कोळंबीचे सोडे. वर्षभर घरातली माणसं पेजेबरोबर मीठ-मिरची खातात, पण डब्याला हात लावत नाहीत. मुंबईची माणसं गणपतीला आली की त्यांच्या पुढ्यात उघडायचा. काकीनेच मला एकदा सांगितलं होतं, पोरगा यायच्या आधी डबा उघडला तर मला गिळवतच नाही.

मी डबा उचलला. आत काहीतरी खुळखुळलं.

फणसपोळी खुळखुळत नाही. सोडेही नाहीत. मी डबा तसाच खाली ठेवला आणि आशाताईकडे बघितलं, तर बाईचा रंग उडालेला.

“उघड,” मी म्हटलं.

“नको गो ताई. काकी माजा जीव घेईल.”

“काकीचाच जीव जायची वेळ आली आहे, उघड म्हणते ना!”

तिने हात लावला नाही, मग मीच झाकण ओढलं. फणसपोळीच्या गुंडाळ्यांवर एक पुरचुंडी होती, आणि गुंडाळ्या उचलल्या तर अगदी तळाशी दडवलेली दुसरी. वरची लुगड्याच्या काठाची. तिची मी गाठ सोडली. आत गोळ्या. त्याच आमच्या गोळ्या, पाकिटातून एकेक काढलेल्या, काही दमट होऊन कडेने तपकिरी झालेल्या. सगळ्या लावणीच्या, सगळ्या बेणणीच्या.

काकी म्हणाली होती, एक पण सोडली नाही. खरंच होतं की. एक पण सोडली नव्हती, सगळ्या जपून ठेवल्या होत्या!

“तुला माहीत होतं?” मी ओरडले. “आशाताई, तुला हे माहीत होतं?”

“ताई, ओरडू नकोस. तिचा पोरगा गेल्या गनपतीला आला, हौसेने चार दिवस मळ्यात उतरला, आनि मुंबईला जाऊन तापाने पडला. तवापासून तिनं डोक्यात घेतलंय. म्हनते, आमचे पाय चिखलात मुरलेले, आमाला काय होतंय? त्याचे पाय आता बुटात राहून नरम पडले, गोळी खरी त्याला पायजे.”

“आणि पाकिटं? रिकामी पाकिटं कशाला द्यायची मग?”

“तुमी मागता म्हनून,” ती म्हणाली. “भरलेलं पाकीट गेलं तर मला बोलनी बसतील, म्हनून. सगळ्याजनी माज्यासाठी देतात.”

“सगळ्याजणी?”

आशाताईने पदराने तोंड पुसलं. “माज्या घरात पन हायत, ताई. माजा नवरा गिरगावात असतो.”

मला हसावं की रडावं कळेना. गोळी वाटणारी बाईच गोळी लपवून बसलेली! पण हसायला वेळ नव्हता. वाडीत फोनला रेंज नसते, कातळावर चढावं लागतं. मी दोन्ही पुरचुंड्या ओढणीच्या टोकाला बांधल्या, कार्ड पिशवीत कोंबलं आणि घाटीने वर निघाले. दम लागला, वर पाऊस तोंडावर. कातळावर पोचल्यावर फोन कसाबसा लागला.

“डॉक्टर, तिने एकही गोळी घेतलेली नाही. माझ्या हातात आहेत सगळ्या.”

ते म्हणाले, “इंजेक्शन लगेच चालू करतो. ॲम्ब्युलन्सला सांगतो. लघवी अजून नाही. तुम्ही या.” फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “खरंच सगळ्या आहेत?”

“हो हो, दोन-दोन पुरचुंड्या भरून—”

आणि माझी जीभ तिथेच थांबली. दोन का?

मी ओढणीचं टोक समोर धरलं. एक पुरचुंडी लुगड्याच्या काठाची. दुसरी मी सोडलीच नव्हती. फुलाफुलांचं कापड होतं. तेच कापड, जे मी सकाळी रुग्णालयात बाकावर बघितलं होतं. गाऊन शिवून उरलेला तुकडा.

“डॉक्टर, तिची सून! तिच्या सुनेला बघा, ती पण—” पण फोन कटला होता. मी पुन्हा लावला. लागेना. सुनेला लावला, वाजत राहिला, कोणी उचलेना. त्या कातळावर भर पावसात मी वेड्यासारखी फोन वर धरून फिरत होते. सकाळी ती बाकाला धरून धरून चालत होती. जागरणाने कोणी तसं चालत नाही.

परत येताना मोरीवरचं पाणी कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. रुग्णालयात शिरले तर सून काकीच्या खाटेशी खाली फरशीवर बसलेली, दोन्ही हातांनी स्वतःच्या पोटऱ्या दाबत. मला बघून हात काढून घेतले.

“डोळे दाखव,” मी म्हटलं.

“काय नाय ताई. जागरन झालंय.”

“डोळे दाखव म्हणते!”

लाल. अगदी काकीसारखे लाल, फक्त पिवळेपणा नव्हता. अंगाला हात लावला तर चटका. मी डॉक्टरांना हाक मारली, मोठ्याने मारली, नर्स माझ्यावर चिडली, मी तिच्यावर दुप्पट चिडले. डॉक्टर आले आणि काही न विचारता त्यांनी तिच्या पोटरीला हात लावला. ती किंचाळली नाही. टॉवेलाचं टोक तोंडात कोंबलं.

“कधीपासून ताप आहे?”

“परवापासनं.”

“बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“आईंना बरं नाय, आनि मी मधेच माजं काय सांगू?”

काकीला स्ट्रेचरवर घेत होते. इंजेक्शन दिलं होतं, पण ती शुद्धीवर होती, सगळं ऐकत होती. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

“डबा उघडलास?”

“उघडला.”

“गनपतीच्या आधी?”

“हो, गणपतीच्या आधी! आणि परत उघडीन. तू खोटं का बोललीस मला, काकी?”

ती माझ्या रागाकडे बघतच नव्हती. तिची मान सुनेकडे वळली होती. सुनेच्या हाताला सुई लावत होते. काकीला काही वेळ कळलं नसावं. मग कळलं.

“हिनं पन ठेवल्या?” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. “तुला कोनी सांगितलं गो ठेवायला? मी म्हातारी. तू कशाला ठेवल्यास?”

सून सुईकडे बघत म्हणाली, “तुमी खात नव्हता, आई. मंग मी कशी खाऊ?”

वॉर्डात एवढा गलका, पण मला तेवढंच ऐकू आलं. दुसऱ्या वाड्यांत मी कित्येक घरांत विचारलं होतं, गोळी का घेत नाही. लोकांनी सांगितलं होतं, पोटात जळजळतं, विसरायला होतं, गरज वाटत नाही. हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं, कारण हा प्रश्न सुनेला वेगळा करून विचारायचा असतो हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच नव्हतं. घरात आधी पुरुष जेवतात, मग म्हातारी माणसं, मग सून. सासूने ताटाला हात लावला नाही तर सून उपाशी बसते. गोळीचंही तसंच झालं होतं.

दोघींना एकाच ॲम्ब्युलन्समधून रत्नागिरीला नेलं. काकी आडवी, सून बाजूच्या बाकावर सलाईनची बाटली धरून, आणि मी दाराशी. अख्ख्या रस्त्यात काकीने सुनेच्या गाऊनचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. वळणावळणावर मी पिशवीकडे बघत होते. देवा, थेंब तरी येऊ दे. काकीला एकदा उलटी झाली, त्यात रक्त होतं. सुनेने स्वतःच्या टॉवेलाने तिचं तोंड पुसलं आणि टॉवेल गुंडाळून मागे लपवला, काकीला दिसू नये म्हणून.

काकीला मशीनवर घेतलं. सुनेला दुसऱ्या वॉर्डात. तिथले डॉक्टर म्हणाले, हिचा ताप वेळेत पकडलाय, ही उठेल. सासूचं आत्ता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. मी सगळं सांगितलं. ते वाईट मनाचे नाहीत, पण म्हणाले, “म्हणजे त्या वाडीत लोकांनी सूचना पाळल्या नाहीत, असं धरावं लागेल.”

“पाळल्या नाहीत?” माझा पारा चढला. “साहेब, ह्या बायकांनी आपण मागितलेलं पाकीट दिलं, आशाताईची नोकरी सांभाळली, आणि औषध फुकट घालवलं नाही. अजून काय पाळायचं? आपणच गोळी दिली आणि ती कोणाच्या पोटात जाणार ते घरावर सोडलं. घरात काय वाटलं जातं नि कोणाला शेवटी मिळतं, हे आपल्याला माहीत नव्हतं का? आपण तेच शोधायला तर फिरतोय!”

ते म्हणाले, “वाडीत जा. आजच जा.”

मी आणि आशाताई घराघरात गेलो. या खेपेला काही विचारायचं नाही, फक्त म्हणायचं, डबा काढा. पहिल्यांदा बायका हसल्या, कसला डबा म्हणाल्या. मग काकीचं सांगितलं तसं एकीचं हसू गेलं, ती आत गेली आणि पुरचुंडी घेऊन आली. ती आली म्हणून दुसरी आली. डाळीच्या डब्यातून, देवाच्या कोनाड्यातून, गोधडीच्या घडीतून गोळ्या निघायला लागल्या. नवऱ्यासाठी, मुलासाठी, मुंबईच्या दिराच्या पोरांसाठी. एका ओटीवर एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, मी तर नेमाने खाल्ल्या बुवा, सून आठवण करून हातावर ठेवते. त्याच्या सुनेची पुरचुंडी दाराआड होती. वाडीतल्या बहुतेक पुरुषांनी घेतल्या होत्या. दिवसभर वाकून चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांनी राखून ठेवल्या होत्या. मी त्यांना बोलले, वाटेल ते बोलले. एकीने मला चहा दिला तर तो घेता घेता बोलले. आणि मग सगळ्यांना माझ्यासमोर गिळायला लावल्या. डब्यातल्या नाही, नव्या.

काकीचा मुलगा रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचला होता. चांगला धिप्पाड गडी, वॉर्डाच्या दारात लहान पोरासारखा उभा. मला म्हणाला, “ताई, तो ताप मला गावात आलाच नव्हता. मुंबईत आमच्या चाळीत तेव्हा सगळ्यांना आलेला. मी आईला सांगितलं होतं. फोनवर सांगितलं होतं.” मग म्हणाला, “आणि यंदा मी मळ्यात उतरणारच नव्हतो. सुट्टीच तेवढी नाही.”

त्याच्या पायात बूट होते. मी त्या बुटांकडे बघत बसले आणि मला त्या बिचाऱ्या बुटांचाही राग आला.

काकीची पिशवी भरली नाही. मधे एकदा थोडी लघवी झाली तेव्हा नर्स स्वतः धावत सांगायला आली होती, आणि मी आणि मुलगा एकमेकांना न ओळखणारी माणसं, हात धरून उभे राहिलो होतो. पण मग फुप्फुसात रक्त उतरलं. शेवटी शेवटी ती बोलायची नाही. बोलली ती एकदाच, सुनेला वॉर्डातून उठवून चाकाच्या खुर्चीवरून तिच्याजवळ आणलं तेव्हा. “गोळी खाल्लीस?” तिने विचारलं. सून म्हणाली, “खाल्ली, आई.” काकी म्हणाली, “दाखव तोंड.” सुनेने आ केला. काकीने बघितलं.

त्याच दुपारी ती गेली.

गणपती तोंडावर आलेले. वाडीत घराघरात रंग लागले, गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधली, मुंबईच्या गाड्या आल्या. काकीच्या घरात सुतक, त्या घरात मूर्ती आली नाही. चतुर्थी होऊन गेल्यावर मी गेले. आठवड्याची गोळी द्यायचीच होती, बेणणी कोणाची अजून उरली होती, आणि सुनेला डॉक्टरांनी अजून काही दिवस सांभाळायला सांगितलं होतं. पलीकडच्या घरातून आरती ऐकू येत होती. इथे ओटीवर काकीचा मुलगा बसलेला, मांडीवर तो डबा. झाकण लावलेलं.

“उघडवत नाही, ताई,” तो म्हणाला. “आई म्हणायची, तू आलास की उघडू.”

मी त्याच्याजवळ बसले. मला रडू येत होतं आणि मी ते दाबत नव्हते. मुळात मी तिथे चहा न पिता कधी परत गेलेच नव्हते, आणि त्या दिवशी पाय धुवायला गरम पाणी कोणी विचारलं नाही. विचारणारी गेली होती.

सून आतून आली. अशक्त झालेली, गाऊन अंगावर ढगळ. मी पाकीट फोडलं, गोळी तिच्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने गोळी घेतली आणि सवयीने माजघराकडे वळून बघितलं, जिथे काकी बसायची. मग नवऱ्याकडे बघितलं.

“घे,” तो म्हणाला. “घे ना गं.”

“घेते,” ती म्हणाली. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि मी न सांगता तोंड उघडून मला दाखवलं. मग हाताच्या पाठीने ओठ पुसत म्हणाली, “आता माज्या आधी खानारं ऱ्हायलंय कोन, ताई?”